शांत झालोय की नुसताच गप्प?

कर्वेनगरचा_बोका | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४८. भोसरीला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. तो चष्मा घरी आल्यावर उतरत नाही, हीच अडचण. पलंगावरचा ओला टॉवेल, शेगडीवर उतू गेलेलं दूध, पोराचं अक्षर, सगळं दिसतं आणि दिसलं की तोंड सुटतं. मागच्या दिवाळीनंतर बीपी निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, डोकं शांत ठेवा. कसं, ते चिठ्ठीवर नव्हतं.

जानेवारीत मरकळला, म्हणजे आळंदीच्या पुढे, दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे ४ ची घंटा, मोबाईल जमा, बोलणं बंद, संध्याकाळी ५ ला थोडं फळ नि चहा, की दुसऱ्या सकाळपर्यंत पोटाला सुट्टी. पाचव्या दिवशी डोळे मिटले की मला फक्त मिसळ दिसत होती. पण टिकलो. तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला पाऊण तास बसतो. सात महिन्यांत अकरा खाडे, वहीत लिहून ठेवलेत.

माझ्या मते फरक पडलाय. आरडाओरडा बंद. वारज्याच्या पुलाखाली मागचा हॉर्नवर हात ठेवून बसला तरी मी आरशात बघत नाही.

आता मुद्दा. शुक्रवारी पोराने (दहावीत आहे) बीजगणिताच्या चाचणीचा पेपर सहीला आणला. ४० पैकी ११. मी पेपर चाळला, सही केली, पेनाला टोपण लावलं, परत दिला. एक शब्द नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, काय ही समता, म्हणजे काहीही झालं तरी मन न हलणं! रात्री बायको गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. चिमटे डब्यात टाकता टाकता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू शांत नाही झालास. गप्प झालायस. आधी निदान कळायचं तरी, काय चाललंय ते."

तीन दिवस ते वाक्य डोक्यात ठाण मांडून आहे.

आमच्याकडे भोकाचं माप तपासायला गो-नोगो गेज असतो. गो बाजू आत गेली पाहिजे, नोगो जाता कामा नये. दोन सेकंदांत निकाल, वाद नाही. मन शांत झालं, चेतना वरच्या पायरीवर गेली असं म्हणतात, त्याला असा काही गेज आहे का? जे करतात त्यांनी सांगा, तुम्हाला कसं कळलं?

---

चहाटळ | रात्री १०:४६

पहिला! वहिनींना साष्टांग नमस्कार. एवढं एका वाक्यात सांगता यावं म्हणून लोक वर्षानुवर्षं मांडी घालून बसतात.

---

पेठेतला_पेन्शनर | रात्री ११:०५

४० पैकी ११ वर बाप सही करून टोपण लावतो. याला आमच्या वेळी समता म्हणत नसत, दुर्लक्ष म्हणत.

आमच्या लहानपणी शांत हा प्रकार सोपा होता. उदकशांत. गुरुजी सकाळी यायचे, जेवणाआधी शांत झालेली असायची. वर पुरण. साठीला एक, पंच्याहत्तरीला एक, नवं घर घेतलं की वास्तूची. पाट, ताम्हन, दर्भ, यादी ठरलेली. शांत कोणाची आणि किती झाली, असलं विचारायची पद्धत नव्हती.

---

खडूस | रात्री ११:२१

प्रामाणिक प्रश्नाबद्दल धागाकर्त्याचं अभिनंदन. पण 'चेतना वरच्या पायरीवर' हे शब्द ऐकले की माझा हात आधी पाकिटावर जातो.

आमचे एक नातलग, नातं सांगत नाही, घरात भांडण नको, बाणेरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. ३५ हजार, जेवणासकट. चेतनेच्या पातळ्या, कंपनं, वारंवारिता, विश्वाला निरोप पाठवणे. मी अभियंता आहे, वारंवारितेचं एकक विचारलं तर "तुमची पातळी अजून तिथे नाही" असं उत्तर मिळालं. कार्यशाळेहून परत येताना स्वारीने पार्किंगवाल्या पोराशी वीस रुपयांवरून असा वाद घातला की मी मागच्या सीटवर खाली सरकून बसलो.

बोकाशेठ, तुमचं निदान फुकटात झालं. त्या शिबिरांना फी नसते, आधी केलेल्यांच्या दानावर चालतात, एवढं मला त्यांच्याबद्दल आवडतं. बाकी संशय कायम.

---

तळजाईकर | मंगळवार, सकाळी ७:५०

आत्ताच टेकडीवरून आलो. तळजाईला रोज पहाटे शांती शोधायला निदान पाचशे माणसं येत असतील. त्यातल्या शंभरांच्या खिशात स्पीकर असतो. एकाच्या खिशात भूपाळी, मागच्याच्या खिशात शेअर बाजार, तिसरा मोठ्याने श्वास सोडत उलटा चालत येतो आणि आपल्याला धडकतो. मोर केव्हाच पलीकडे सरकलेत.

माझा गेज सांगू? स्पीकरवाल्याला काही न बोलता पुढे गेलो आणि दहा पावलांवर विसरलो, तर गो. घरी येईपर्यंत त्याच्याशी मनात भांडत आलो, तर नोगो. आज नोगो.

---

चहाटळ | सकाळी ८:०२

@तळजाईकर, 'घरी येईपर्यंत' नाही, इथे येऊन लिहीपर्यंत.

---

मृगनक्षत्र | सकाळी ९:३०

मी तीन शिबिरं केलीत, पहिलं इगतपुरीला. बोकाभाऊंचा जो घोळ झालाय तो माझाही झाला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी: पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, ते आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना. डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघत जायचं. गुडघा ठणकतोय तर ठणकतोय, प्रतिक्रिया द्यायची नाही. तिथे तासभर न हलता बसायची बैठकही असते. इथेच बहुतेकांची गल्लत होते. गुडघ्याच्या दुखण्यावर प्रतिक्रिया न देणं वेगळं आणि पोराच्या पेपरवर न बोलणं वेगळं. आतला भडका ओळखायचा आणि तो बोलण्यात उतरू द्यायचा नाही, एवढंच शिकवतात. बोलूच नका, असं कोणी सांगितलेलं नाही. आर्य मौनसुद्धा दहाव्या दिवशी सुटतं!

आणि एक गंमत. ही शिबिरं सुरू करणारे गोएंकागुरुजी ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेले (१९२४) व्यापारी. मायग्रेनने इतके हैराण की मॉर्फिन घ्यावं लागायचं, त्यापायी हे शिकायला गेले. शिकवणारे सयाजी (म्हणजे तिकडचं 'गुरुजी') ऊ बा खिन कोण? संन्यासी नव्हेत. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल! कचेरीतल्या लोकांना तिथेच ध्यान शिकवायचे. आता सांगा, हिशेबाच्या वहीत चूक दिसली की ते 'अनित्य आहे' म्हणून पुढचं पान उलटत असतील का?

तुम्ही क्वालिटीवाले आहात. परंपरा तुमच्याच खात्याची आहे हो.

---

खडूस | सकाळी ९:४१

अकाउंटंट जनरल! हे माहीत नव्हतं. एक संशय मागे घेतो.

---

भूलवाली | सकाळी ११:१५

दोन केसच्या मधे लिहितेय. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे लोकांची चेतना रोज खाली नेऊन परत वर आणते. माझ्याएवढा या विषयावर अधिकार कोणाचा?

बोकासाहेब, आमच्याकडे गेज आहे. ग्लासगो कोमा स्केल, १९७४ पासून जगभर वापरतात. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. किमान ३, कमाल १५. हा धागा वाचून टंकणारे सगळे १५ आहेत, त्याच्यावर जागा नाही. तुम्ही पेपर बघून काही बोलला नाहीत, म्हणजे बोलण्याचे मार्क कापू का?

आता गंभीरपणे तीन गोष्टी.

श्वास. यात गूढ काही नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, कारण सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा लगाम घट्ट होतो. म्हणून सोडणं लांबवलं की गडी थंडावतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते १८ श्वास घेतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, फक्त २३ निरोगी माणसं. त्यांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. रोम आणि तिबेट, लय एकच.

गोळी. बसायला लागलो, बरं वाटतंय, म्हणून बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणारे मला टेबलावर भेटतात. करू नका.

तिसरं जरा अवघड. दिवसाला दहा-दहा तास डोळे मिटून बसणं प्रत्येकाला मानवत नाही. तीव्र नैराश्य, उन्माद, भास असं काही आधी झालं असेल, तर शिबिराचा फॉर्म भरताना लपवू नका. तो रकाना उगीच नसतो.

---

पेठेतला_पेन्शनर | सकाळी ११:४०

डॉक्टरीणबाई, आमच्या आजीला हे ठाऊक होतं. माळ १०८ मण्यांची.

---

खडूस | सकाळी ११:४४

तुमच्या आजीला व्हेगस ठाऊक नव्हता. तिला माळ ठाऊक होती. सगळं आपल्याला आधीच माहीत होतं, हे म्हणायची एक साथ आलीय.

---

पेठेतला_पेन्शनर | सकाळी ११:४९

आजीवर जाऊ नका. तुमच्यासारखे अभियंते पुलाला भेगा पडल्यावर एकक शोधतात.

---

संपादक | दुपारी १२:१०

दोघांचे पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. निदान शांतीच्या धाग्यावर तरी...

---

चहाटळ | दुपारी १२:१२

नोगो.

---

काकडआरती | दुपारी २:३५

माझं वय ७१. नातीने टंकायला शिकवलंय, चुका पोटात घाला.

मी काही ध्यान करत नाही बाई. संध्याकाळी दिवा लावला की हरिपाठ म्हणते. पाठ आहे, त्यामुळे हात मोकळे असतात. मेथी निवडत म्हणते, शेंगा सोलत म्हणते. मधेच कुकरची शिट्टी मोजते, अभंग चुकत नाही. सासूबाई म्हणायच्या, मन त्यात नाही तर काय उपयोग? मी म्हणायची, आत्या, मन नसेल पण जीभ तर आहे, मन येईल मागून, लहान पोर पदर धरून येतं तसं. कधी येतं, कधी नाही येत.

यजमान गेले त्या वर्षी तेरा दिवस म्हटला नाही. चौदाव्या दिवशी संध्याकाळी सूनबाईने न विचारता दिवा लावला आणि माझ्यासमोर मेथीची जुडी आणून ठेवली. काही बोलली नाही. तोंडातून आपोआप सुरू झालं. ती शांती होती का, ते मला नाही सांगता येणार. भाजी निवडून झाली.

बोका, पोराशी बोल. रागावलास तरी चालेल. आई-बाप रागावतात हे पोरांना माहीत असतं.

---

मृगनक्षत्र | दुपारी २:५०

काकू, दंडवत.

---

चहाटळ | दुपारी २:५८

यावर विनोद सुचत नाहीये. नोंद घ्यावी.

---

अर्धवट_योगी | दुपारी ४:२०

मॉडेल कॉलनीत अय्यंगारांच्या संस्थेत (१९७५ पासून आहे) काही वर्षं वर्गाला जात होतो. तिथे शांती नाही, तिथे खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा आणि "डाव्या टाचेची बाहेरची कड कुठे आहे?" हा प्रश्न. त्या टाचेच्या कडेत अर्धा तास जायचा, आणि बाहेर पडल्यावर लक्षात यायचं की अर्ध्या तासात ऑफिस आठवलेलं नाही. मन पकडायला गेलं की पळतं, टाच पकडली की बिचारं शेजारी येऊन बसतं.

पण मूळ प्रश्नाला पतंजलींनी थेट उत्तर दिलंय. योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं, म्हणजे भागातलं, ३३ वं सूत्र. चित्त प्रसन्न ठेवायला चार वृत्ती सांगितल्यात: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता, म्हणजे त्याचं बघून आनंद, आणि अपुण्य करणाऱ्याची उपेक्षा.

आता बघा, पुणेकरांनी चारातली एकच उचलली, उपेक्षा, आणि ती सरसकट सगळ्यांना लावली. दुकानदार गिऱ्हाईकाला, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला, रिक्षावाला सगळ्या शहराला. बोकाभाऊ, तुमच्या पोराला ११ मिळालेत. तो चारांतल्या कुठल्या खणात बसतो? अपुण्याच्या नाही. करुणेच्या खणात बसतो. तुम्ही चौथ्या खणातला माल पहिल्याच गिऱ्हाइकाला दिलात.

त्याच पादात तीन सूत्रं आधी नऊ अंतराय, म्हणजे मन स्थिर होण्यातले अडथळे, दिलेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. या धाग्यावर आत्तापर्यंत सात येऊन गेले.

---

खडूस | दुपारी ४:२६

संशय म्हणजे मी. समजलो.

---

गुडघेदुखी | सायं. ५:१०

अवांतर: मांडी घालून वीस मिनिटांत डावा पाय बधिर होतो. उपाय?

---

अर्धवट_योगी | सायं. ५:२२

बूड वर घ्या. घोंगडीची जाड घडी किंवा लोड, गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत. तरी जमलं नाही तर सरळ खुर्ची. खुर्चीवर बसल्याने मोक्ष अडत नाही.

---

पेठेतला_पेन्शनर | सायं. ५:३०

जेवणाचा पाट घ्या. तुमच्या पिढीने पाट माळ्यावर टाकले आणि आता तेच 'मेडिटेशन स्टूल' म्हणून दीड हजाराला आणता.

---

गुडघेदुखी | सायं. ५:४१

आणि चहा आधी की बसणं आधी?

---

चहाटळ | सायं. ५:४२

चहा.

---

मृगनक्षत्र | सायं. ५:५०

बसणं. चहा घेतला की पेपर, पेपर उघडला की संपलं.

---

तळजाईकर | सायं. ६:०५

चहा नाही घेतला तर पाऊण तास चहाचंच ध्यान होतं.

---

पेठेतला_पेन्शनर | सायं. ६:१२

दोन्हीच्या आधी दूध आणायचं असतं. ते कोण आणतं?

---

तिसरी_शिट्टी | रात्री ९:४५

पेन्शनरकाकांनी नकळत वर्मावर बोट ठेवलंय, म्हणून आता मी लिहिते. दोन दिवस वाचत होते.

आमच्याकडेही एक साधक आहेत. सहा ते पावणेसात. त्या पाऊण तासात मिक्सर लावायचा नाही. कुकर लावायचा नाही. दूधवाल्याला सांगितलंय, बेल वाजवू नकोस, पिशवी कडीला अडकव. मुलीने सायकल काढताना स्टँडचा आवाज करायचा नाही. मी ओट्यावर डबे ठेवते ते खाली फडकं टाकून. पावणेसातला साहेब डोळे उघडतात आणि म्हणतात, "काय प्रसन्न सकाळ आहे!" मग मी अर्ध्या तासात चटणी, कणीक, तीन डबे, माझी अंघोळ, आणि ७:२० ची बस. रोज धावत.

यांची शांती खरी असेल, मी नाही म्हणत नाही. ओरडणं कमी झालंय, मान्य. पण ती शांती तीन माणसं चवड्यांवर चालून सांभाळतात. ते कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं. बोका, तुमच्या अकरा खाड्यांची नोंद आहे. बाकीच्या दिवशी त्या पाऊण तासात घरात काय चालतं, कधी बघितलंत का? डोळे मिटलेले असतात, कसं बघणार.

'गप्प' म्हणाली ना ती? आमच्यात तो शब्द आम्ही स्वतःसाठी वापरतो. तो त्यांना लावला, म्हणजे बाईने बराच विचार केलाय.

---

चहाटळ | रात्री ९:५२

(धागा पाच मिनिटं शांत. की गप्प?)

---

भूलवाली | रात्री १०:१०

@तिसरी_शिट्टी, +१००. उद्या मिक्सर लावा.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:२०

या वेळी जागा असतो, नोकरीच तशी.

मी शिबिर सोडून आलेला माणूस आहे. भाऊ गेल्यावर सहा महिन्यांनी गेलो होतो. मित्र म्हणाला, मन हलकं होईल. चौथ्या दिवशी छाती धडधडायला लागली, रात्रभर झोप नाही, डोळे मिटले की दवाखान्याचा तो कॉरिडॉर. सहाय्यक आचार्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, थांबण्याचा आग्रह केला नाही. परत येताना आळंदीच्या स्टँडवर बसून रडलो. एवढी माणसं बसतात, मलाच का जमू नये, असं वाटत होतं. दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही, सगळ्यांना वाटायचं मी पूर्ण केलं.

पुढे समुपदेशन घेतलं, गोळ्याही घेतल्या काही महिने. आता बरा आहे. ध्यान करत नाही. ड्यूटी संपली की गाडी न काढता नदीच्या कडेने चालत येतो, वीस मिनिटं, मोबाईल खिशात. भूलवाली मॅडमनी लिहिलं ते आधी कुणी मला सांगायला हवं होतं.

कुणी अशा अवस्थेत वाचत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मी रात्री अडीचला लावला होता.

---

मृगनक्षत्र | सकाळी ६:५५

रात्रपाळी, हे लिहिलंत, फार बरं केलंत. सोडून येणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे शिबिराची भलामण करणाऱ्या माझ्यासारख्यांनी आधी म्हणायला पाहिजे. माझ्याही प्रतिसादात ते नव्हतं.

---

काकडआरती | सकाळी ७:१५

बाळा, भावाचं नाव मनात घेऊन आज दिवा लावीन.

---

तळजाईकर | सकाळी ८:३०

विषयांतर होतंय, पण संध्याकाळी बसणाऱ्यांनी ढोलाचं काय करायचं ते सांगा. गणपती तोंडावर आलेत. नदीपात्रात सहा वाजले की पथकांचा सराव सुरू. कालच मी श्वास बघायला बसलो आणि वीस मिनिटांनी लक्षात आलं, मांडीवर बोटं ताशाच्या चालीत चालतायत.

---

अर्धवट_योगी | सकाळी ८:४४

ताल चुकत नसेल तर एकाग्रता झाली.

---

खडूस | सकाळी ८:५०

ढोलाचे ठोके मिनिटाला सहावर आणता आले तर भूलवाली मॅडम पथकाची शिफारस करतील.

---

कर्वेनगरचा_बोका | रविवार, सकाळी ९:२०

सगळ्यांचे आभार. उशिरा येतोय, आठवडाभर ऑडिट होतं.

तिसरी_शिट्टी, तुमचा प्रतिसाद बुधवारी रात्री बायकोला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि एवढंच विचारलं, "ही बाई कुठे राहते?" मग कळलं, की आमच्याकडेही दूधवाला बेल वाजवत नाही. सात महिने. मला वाटायचं, शिस्तीचा आहे.

पोराचं सांगतो. गुरुवारी पेपर घेऊन त्याच्या शेजारी बसलो. आधी तो आक्रसला. मी गुण बघितलेच नाहीत, जशी रिजेक्ट मालाची पेटी उघडून बघतो तसा एकेक प्रश्न बघत गेलो. गेलेल्या २९ पैकी १७ गुण एकाच चुकीत गेलेत. पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना चिन्ह बदलत नाही. पद्धत बरोबर, मांडणी बरोबर, अधिकाचं उणे नाही, बस. आमच्याकडे याला म्हणतात, दोष कामगारात नाही, सेटिंगमध्ये आहे. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "मग हे शुक्रवारी का नाही सांगितलंत?" मी चढलो. आवाज वाढला माझा, चांगला वाढला, सात महिन्यांत पहिल्यांदा. तोही उलटून बोलला, "तुम्ही नुसती सही करता तेव्हा मला वाटतं, तुम्ही मला सोडून दिलंत."

हे मात्र अपेक्षित नव्हतं. मांडीवर कागद घेऊन बसून राहिलो. गुडघ्याला बघतो तसं आत बघितलं, कानशिलं तापलेली, पोटात खड्डा. बघितलं म्हणून ते गेलं नाही. पण पुढचं वाक्य ओरडून आलं नाही. त्याला म्हटलं, उद्यापासून रोज पाच समीकरणं, मी शेजारी बसणार. तो म्हणाला, तीन. चारावर तोडलं.

आणि आज पहाटे, साडेपाचला बसलो होतो. पावणेसहाला स्वयंपाकघरातून मिक्सर. शेंगदाण्याची चटणी, लसूण घातलेली. दोनदा थांबला, दोनदा परत लागला. मी उठलो नाही. पण समता वगैरे काही नव्हती, वास येत होता नुसता.

वहीत आज हजेरी लिहायची का खाडा, ते ठरत नाहीये.

---

तिसरी_शिट्टी | सकाळी ९:३१

हजेरी. वहिनींना सांगा, मी सिंहगड रस्त्याला राहते.

---

पेठेतला_पेन्शनर | सकाळी ९:४०

चिन्ह चुकायचं माझंही. पुढच्या चाचणीचे गुण इथेच कळवा. २० च्या खाली असतील तर पुन्हा बोलू.

---

चहाटळ | सकाळी ९:४४

चटणीत लसूण कच्चा की परतलेला?